ज्यांचें जळतें त्यांस विचारणें

आपल्याकडे जुन्या काळीं मुलीचें लग्न ठरे तें बहुधा असें. पत्रिका जुळल्या, देण्याघेण्याची याद झाली, सुपारी फुटली, मुहूर्त निघाला, आणि मग घरांतील एखाद्या प्रेमळ आत्याबाई मुलीस जवळ घेऊन विचारीत, "काय ग, स्थळ पसंत आहे ना तुला?" मुलगी मान खालीं घाली. आत्याबाई बाहेर येऊन सांगत, "मुलीस पसंत आहे." ह्या विचारण्यांत कपट नसे. आत्याबाईंस खरोखरच मुलीचें कल्याण व्हावें असें वाटे. परंतु तिचें उत्तर 'नाहीं' असें आलें तर पुढें काय करावयाचें, ह्याची तजवीज मात्र कोणीच केलेली नसे.

गेल्या पंचवीस वर्षांत युरोपांतील राष्ट्रांनीं आपल्या गरीब नागरिकांसंबंधीं जीं धोरणें आंखलीं, त्यांची हकीकत वाचतांना ह्या आत्याबाई ठिकठिकाणीं भेटतात. त्या धोरणास तिकडे 'सामाजिक समावेशन' असें नांव आहे. सोप्या मराठींत सांगावयाचें तर जे पंगतीबाहेर राहिले त्यांस पंगतींत घेणें. (पंगतीबाहेर राहणें म्हणजे काय, हें आपल्या समाजास तरी फोड करून सांगावयास नको.) दारिद्र्य म्हणजे नुसता पैशाचा अभाव नव्हे, घर, औषधपाणी, शिक्षण, कामधंदा, कोर्टकचेरींत दाद मिळण्याची आशा, चार माणसांत उठण्याबसण्याची सोय, ह्यांपैकीं एकेक गोष्ट हातची सुटत जाऊन मनुष्य शेवटीं समाजाच्या हिशेबांतूनच गळतो, असा त्या शब्दामागील विचार आहे. २०२३ सालच्या आंकड्यांप्रमाणें युरोपियन युनियनच्या सत्तावीस देशांत अशा धोक्यांत असलेल्या माणसांची संख्या सुमारें ९ कोटी ४६ लाख, म्हणजे दर पांच माणसांत एकाहून थोडी अधिक होती. संपन्न म्हणून आपण ज्या खंडाकडे पाहतों त्याची ही स्थिति आहे.

ह्या कामीं युनियनची सत्ता किती, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. निर्वाहवेतन, पेन्शन, घरभाड्यास मदत, बेकारीचा भत्ता, हे सर्व विषय ज्या त्या राष्ट्राच्या सरकारच्या हातीं आहेत. ब्रूसेल्सहून हुकूम सोडून ते बदलतां येत नाहींत. म्हणून मार्च २००० मध्यें लिस्बन येथें जमलेल्या राष्ट्रप्रमुखांनीं एक मधला मार्ग पत्करला. ध्येय सर्वांनीं मिळून ठरवावें, उपाय ज्याचे त्यानें योजावे, आणि काय केलें ह्याचा कागद ठराविक मुदतीनें सर्वांपुढें ठेवावा. ह्या रीतीस 'खुली समन्वयपद्धति' असें म्हणतात. विभक्त झालेल्या भावांनीं दिवाळीस एकत्र बसून एकमेकांच्या संसाराची विचारपूस करावी, पण तिजोरीची किल्ली ज्याची त्याच्या कमरेस असावी, तसाच हा प्रकार होय. लाजेकाजेस्तव तरी प्रत्येक जण घर नीट ठेवील, ही त्यामागील अपेक्षा.

त्याच वर्षीं डिसेंबरांत फ्रान्समधील नीस शहरीं चार समान उद्दिष्टें मान्य झालीं. लोकांस काम व हक्क मिळवून देणें, घसरणाऱ्यास वेळीं सावरणें, अत्यंत दुर्बळांस हात देणें, हीं पहिलीं तीन कोणासही सुचलीं असतीं. चौथें मात्र निराळें होतें. सर्व संबंधितांस ह्या कार्यांत ओढावें, आणि विशेषतः जे वगळले गेले आहेत त्यांचा सहभाग व त्यांचें स्वतःच्या तोंडचें म्हणणें ह्यांस उत्तेजन द्यावें, असें तें उद्दिष्ट होतें. गरिबांसाठीं राज्यकर्त्यांनीं कांहीं करावें हें तत्त्व पुरातन आहे. तें करतांना गरिबांस विचारावें, हें राष्ट्रप्रमुखांच्या सह्यांच्या कागदावर येणें मात्र पुष्कळच नवें होतें.

आतां मौज अशी कीं, उद्दिष्ट ठरलें डिसेंबरांत आणि त्यावर आधारलेले पहिले राष्ट्रीय आराखडे द्यावयाचे होते जून २००१ पर्यंत. तेव्हां युनियनमध्यें पंधरा राष्ट्रें होतीं, आणि ह्या पंधराही राष्ट्रांच्या कचेऱ्यांस मधले अवघे सहा महिने मिळाले. तेवढ्यांत खात्यानें मसुदा करावयाचा, अर्थमंत्र्यांची संमति मिळवावयाची, प्रांतिक सरकारांची समजूत काढावयाची, आणि शिवाय गरिबांसही विचारावयाचें! व्हावयाचा तोच परिणाम झाला. अनेक ठिकाणीं मसुदा आधीं लिहून झाला आणि मग तो संस्थांकडे 'अभिप्रायार्थ' गेला. पहिल्या आराखड्यांत नवे उपाय थोडे आणि आधींपासून चाललेल्या योजनांची जंत्रीच फार, अशी टीका त्याच वेळीं झाली. जंत्री करावयाची तर गरिबांचा अभिप्राय घेऊन तरी करणार काय? आपल्याकडे ह्यास वरातीमागून घोडें म्हणतात.

ह्या सल्लामसलतीस बोलावतात तरी कोणास? मालकसंघ, कामगारसंघ, नगरपालिका, विद्यापीठांतील पंडित, आणि बेघर, अपंग, निर्वासित, रोमा इत्यादि लोकांसाठीं झटणाऱ्या संस्था. १९९० सालीं अशा संस्थांनीं एकत्र येऊन युरोपभर एक दारिद्र्यविरोधी जाळेंही उभारलें आहे. ह्या सर्व मंडळींस मिळून इंग्रजींत 'स्टेकहोल्डर' म्हणतात. ह्या शब्दाचा मूळ अर्थ मोठा गंमतीचा आहे. दोघांनीं पैज लावली असतां दोघांचे पैसे ज्या तिऱ्हाइताच्या हातीं ठेवतात, तो स्टेकहोल्डर. त्याचें स्वतःचें त्यांत कांहींच पणास लागलेलें नसतें! पुढें अर्थ उलटला आणि ज्याचें हित गुंतलें आहे तो, असा झाला. परंतु सरकारी सभांची यादी चाळतांना मूळ अर्थच कित्येकदां अधिक खरा वाटतो. दुसऱ्याची ठेव हातीं घेऊन बोलणारे सभ्य, सुशिक्षित लोक पहिल्या रांगेंत दिसतात. आणि ज्याचें घरभाडें थकलें आहे, तो त्या दालनांत बहुधा नसतो.

त्यास दालनांत आणलाच पाहिजे, हा आग्रह प्रथम ज्यानें धरला तो एक फ्रेंच धर्मोपदेशक होता. जोसेफ व्रेसिन्स्की ह्याचा जन्म १९१७ सालीं आंजे ह्या गांवीं एका परदेशांतून आलेल्या कुटुंबांत झाला. बाप पोलिश, आई स्पॅनिश. बाळपण भिक्षेच्या अन्नाच्या चवीसकट गेलें, आणि त्या चवींतला कडूपणा तो कधीं विसरला नाहीं. पॅरिसजवळ न्वाझी-ल-ग्रां येथील बेघरांच्या वस्तींत राहून त्यानें १९५७ सालीं तेथील कुटुंबांसह एक संस्था काढली. तीच पुढें 'चौथें जग' ह्या नांवानें देशोदेशीं पसरली. ह्या लोकांस सूप वाटणारे पुष्कळ आहेत, त्यांचें ऐकून घेणारा कोणी नाहीं, हें त्याचें म्हणणें होतें. फ्रान्सच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सभासद ह्या नात्यानें त्यानें १९८७ च्या फेब्रुवारींत घोर दारिद्र्यावर जो अहवाल मान्य करून घेतला, त्याचा परिणाम दुसऱ्याच वर्षीं झालेल्या किमान उत्पन्नाच्या कायद्यावर झाला. १९८८ सालीं तो वारला.

फ्रान्समध्यें पेरलेल्या ह्या बीजाचें पीक शेजारच्या बेल्जियममध्यें अधिक जोमानें आलें. त्या देशाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

बेल्जियम हा लहानसा देश; पण त्यांत तीन प्रदेश, तीन भाषिक समाज आणि त्या सर्वांवर एक संघसरकार, असा कारभाराचा मोठा गुंता आहे. १९७६ च्या कायद्यानें तेथें प्रत्येक नगरपालिकेच्या हद्दींत एक सार्वजनिक साहाय्यकेंद्र स्थापन झालें. अडलेल्या माणसानें तेथें जावें, आणि मनुष्यास शोभेल असें जीवन जगतां येईल एवढी मदत त्यास मिळावी, असा तो कायदा. तरीही दारिद्र्य हटेना. तेव्हां १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत सरकारनें दारिद्र्यावर एक सर्वसाधारण अहवाल तयार करविण्याचें ठरविलें. एखाद्या प्राध्यापकास नेमून काम भागलें असतें. तसें न करतां तें काम राजे बोदुएँ ह्यांच्या नांवें असलेल्या प्रतिष्ठानाकडे आणि त्याच्या मार्फत दोन अगदीं निराळ्या पक्षांकडे सोंपविलें. एक पक्ष व्रेसिन्स्कीच्या 'चौथें जग' संस्थेचा, जिच्यांत स्वतः गरीब लोक बोलतात. आणि दुसरा नगरपालिकांच्या संघाचा, म्हणजे ज्यांच्या साहाय्यकेंद्रांच्या दारांत ते गरीब उभे राहतात त्यांचा. मागणारा आणि देणारा ह्यांनीं एका मेजाशीं बसून एकच अहवाल लिहावयाचा, अशी ही योजना होती.

हें काम एका बैठकीचें नव्हतें. आधीं गरीब लोकांनीं आपापल्या संस्थांतून आपसांत बोलावयाचें. एकट्या माणसाचें गाऱ्हाणें तें सर्वांचें आहे काय, हें ताडून पाहावयाचें. मग शिक्षक, न्यायाधीश, डॉक्टर, कचेरींतील अधिकारी ह्यांच्यासमोर तें मांडावयाचें, त्यांचें उलट म्हणणें ऐकावयाचें, पुन्हां परतून आपसांत विचार करावयाचा. अशा फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. अहवाल १९९४ सालीं पुरा झाला.

आणि त्यांतून वर काय आलें? सरकारी माणसांची समजूत अशी होती कीं, गरीब मनुष्य प्रथम पैशाचें बोलेल. पैशाचें तो बोललाच. परंतु त्याच्याइतक्याच कळकळीनें तो बोलला आपल्या मुलांविषयीं. घर दमट आहे, एका खोलींत सात माणसें आहेत, मुलें शाळेंत वेळेवर येत नाहींत, असें पाहून बालसंरक्षणाचे अधिकारी मुलांस आईबापांपासून काढून संस्थेंत किंवा परक्या घरीं ठेवीत. अधिकाऱ्यांच्या दृष्टीनें हें मुलांचें रक्षण होतें. आईच्या दृष्टीनें, आपण गरीब आहों एवढ्याच अपराधासाठीं झालेली ती सर्वांत मोठी शिक्षा होती. म्हणून कित्येक आया मदत मागावयासच जात नसत. मदत मागावी तर कचेरींतील बाई घर पाहावयास येणार. घर पाहिलें कीं तिची दृष्टि मुलांवर जाणार. साहाय्यकेंद्राचें दार उघडें असूनही तें ओलांडण्यास माणसें कां भितात, ह्या कोड्याचा उलगडा असा झाला. कोणत्याही खानेसुमारींतून हें कळलें नसतें, कारण खानेसुमारीच्या कागदांत भीतीचा रकाना नसतो. फ्रेंचभाषिक बेल्जियममध्यें ह्याच प्रश्नावर गरीब कुटुंबांच्या संस्था आणि बालसाहाय्य खातें ह्यांच्यामध्यें १९९८ च्या सुमारास सुरू झालेलें बोलणें पुढें वर्षानुवर्षें चालू राहिलें.

अहवाल निघतात आणि कपाटांत जातात, हा अनुभव काय आपल्यासच आहे? बेल्जियमच्या संस्थांसही तो ठाऊक होता. म्हणून त्यांनीं पाठपुरावा सोडला नाहीं. ५ मे १९९८ रोजीं संघसरकार, प्रदेश व भाषिक समाज ह्यांच्यामध्यें एक करार झाला. त्यान्वयें दारिद्र्य व वंचितता ह्यांच्याशीं झगडण्यासाठीं एक कायमची कचेरी स्थापन झाली. गरीब जेथें स्वतः बोलतात अशा संस्थांशीं चर्चा करून दर दोन वर्षांनीं अहवाल काढणें हें तिचें काम, आणि तो अहवाल सर्व सरकारांकडे व विधिमंडळांकडे चर्चेसाठीं गेलाच पाहिजे, असें करारांत लिहिलें. माझ्या मतें ह्या साऱ्या प्रकरणांतील मर्म येथें आहे. सरकारच्या मनांत आलें तर विचारावयाचें, असें येथें उरलें नाहीं. दोन वर्षें भरलीं कीं विचारणें भाग पडतें, आणि ऐकलेलें लोकप्रतिनिधींच्या मेजावर ठेवणें भाग पडतें.

ह्याच कचेरीनें गरीब संस्थांस घेऊन आणखी एक प्रयोग केला. दारिद्र्य मोजावयाचें कसें, ह्याचीच चर्चा त्यांच्याशीं केली आणि २००४ सालीं ती प्रसिद्ध केली. मापाचा शेर कोणता धरावा हें ठरविण्याचा अधिकार आजवर पंडितांचा. तेथेंही ह्या लोकांनीं आपला हात घातला. २००५ पासून संघसरकारनें स्वतः दारिद्र्य भोगलेल्या कांहीं माणसांस 'अनुभवानें तज्ज्ञ' अशा पदावर सरकारी कचेऱ्यांतून नोकरीस घेतलें. येणाऱ्या माणसास वाट दाखविणें, त्याचा अर्ज भरून देणें, आणि खात्याचें पत्र सामान्य माणसास समजेल अशा भाषेंत आहे किंवा नाहीं तें सांगणें, अशीं त्यांचीं कामें. सरकारी पत्र समजत नाहीं हें सांगण्यासाठीं तज्ज्ञ नेमावा लागतो, हें वाचून हंसूं येईल. परंतु ज्यानें प्राप्तिकराची नोटीस हातीं घेऊन शेजारच्या वकिलांचें दार ठोठावलें आहे, तो फार हंसणार नाहीं.

आयर्लंडची गोष्ट निराळी आहे. तेथें आरंभ थाटांत झाला. मार्च १९९५ मध्यें कोपनहेगन येथें सामाजिक विकासासाठीं जागतिक परिषद भरली होती. तेथें दिलेल्या शब्दास जागून आयरिश सरकारनें १९९७ सालींच, म्हणजे लिस्बनच्याही आधीं, राष्ट्रीय दारिद्र्यनिवारण धोरण जाहीर केलें. १९८६ च्या कायद्यानें स्थापन झालेली एक सरकारी परंतु स्वतंत्र बाण्याची दारिद्र्यनिवारण संस्था तेथें होती. ती सरकारी पैशावर चाले आणि सरकारच्या चुकाही दाखवी. शिवाय १९८७ पासून सरकार, मालक, कामगार व शेतकरी ह्यांच्यामध्यें दर तीन वर्षांच्या सुमारास एक राष्ट्रीय करार होत असे. त्या वाटाघाटींत १९९६ पासून स्वयंसेवी व सामुदायिक संस्थांसही चौथा खांब म्हणून जागा मिळाली. बेकारांचे, स्त्रियांचे, भटक्या लोकांचे प्रतिनिधि मंत्र्यांसमोर बसूं लागले. युरोपभर ह्याचें कौतुक झालें.

मग २००३ साल उजाडलें. त्या वर्षींच्या करारांत गरिबांच्या पदरीं कांहीं पडत नाहीं, असें राष्ट्रीय महिला परिषदेचें व सामुदायिक मंच ह्या संघटनेचें मत पडलें, आणि त्यांनीं कराराविरुद्ध मत दिलें. परिणाम काय? करार न मानणाऱ्यास त्या खांबांत जागा नाहीं, असें ठरून दोन्ही संस्था बाहेर पडल्या. आमच्या आत्याबाईंच्या प्रश्नास मुलीनें 'नाहीं' म्हटलें तर काय होतें, तें येथें दिसलें. संमतीच्या अटीवर मिळालेल्या खुर्चीची किंमत त्या संस्थांनीं मोजली. आंत राहिलेल्यांस नांवें ठेवणें सोपें आहे, पण त्यांचाही युक्तिवाद टाकाऊ नव्हता. दार बंद झाल्यावर बाहेरून ओरडून काय मिळवाल, असें ते विचारीत. आणि हा प्रश्न अशा चळवळींतील प्रत्येकास आयुष्यांत एकदां तरी छळतोच.

त्याच वर्षीं जानेवारींत आयर्लंडनें निराळी एक प्रथा पाडली. तिचें नांव सामाजिक समावेशन सभा. आराखडा कसा चालला आहे हें पाहण्यासाठीं गरीब लोक, त्यांच्या संस्था आणि खात्याचे अधिकारी ह्यांनीं वेळोवेळीं एकत्र जमावयाचें. ह्या सभेंतील स्तुत्य भाग म्हणजे तिची पूर्वतयारी. सभेच्या आधीं गांवोगांवीं लहान बैठकी भरवितात. तेथें माणसें ओळखीच्या जागीं, ओळखीच्या लोकांत बोलतात. आपल्या अडचणीमागें नियम कोणता आहे तें समजून घेतात. आणि मग राजधानींत जातात. ज्यानें जन्मांत सभेपुढें तोंड उघडलें नाहीं त्यास एकदम झुंबराखालीं उभें केलें तर तो एक तर गप्प राहील किंवा रडेल. आणि दोन्ही प्रसंगीं वृत्तान्त लिहिणाऱ्याची सोय होते, त्याची होत नाहीं.

येथें खर्चाचा एक क्षुद्र वाटणारा पण महत्त्वाचा मुद्दा येतो. आगगाडीचें भाडें आधीं हातीं द्यावयाचें कीं मागाहून पावती दाखविल्यावर? ज्याच्या खिशांत आठवड्याच्या शेवटीं कांहींच उरत नाहीं, त्यास मागाहून मिळणारे पैसे म्हणजे न मिळणारेच पैसे. तान्हें मूल असलेल्या आईनें त्यास कोठें ठेवावें? रोजंदारी बुडाली तर ती कोण भरून देणार? कागदपत्र आठ दिवस आधीं व साध्या भाषेंत मिळतील काय? सभा सकाळीं साडेनऊस ठेवली म्हणजे दूरच्या खेड्यांतील मनुष्य आपोआप वगळला जातो. वगळण्याची इच्छा कोणाचीच नसते. सल्लामसलतीच्या तत्त्वांवर युरोपांत ढीगभर लिहिलें गेलें आहे, परंतु ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें ज्या कचेरीनें दिलीं तिच्याच सभेस माणसें येतात.

ब्रिटनमध्यें २००४ ते २००६ ह्या काळांत ह्याच धर्तीवर एक मोहीम झाली. तीत शंभराहून अधिक बैठकी भरल्या. सरकार व स्वयंसेवी संस्था ह्यांनीं मिळून ती चालविली, आणि बैठकींत प्रश्न ठेवले ते अगदीं साधे: कोणती गोष्ट ठीक चालली आहे, कोणती चालत नाहीं, आणि काय बदलावें? पहिला प्रश्न विचारण्यांत शहाणपण होतें. गरिबास नेहमीं गाऱ्हाणेंच विचारतात. अमुक दवाखान्यांतील परिचारिका चांगली आहे, अमुक योजनेनें माझा मुलगा शिकला, हें सांगण्याची संधि त्यास कोणी देत नाहीं. २००६ च्या ब्रिटिश आराखड्यास ह्या बैठकींचा आधार मिळाला. पुढें ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन युनियनमधूनच बाहेर पडलें.

आयर्लंडवर मात्र २००८ च्या आर्थिक संकटानें घाला घातला. १ जुलै २००९ रोजीं ती स्वतंत्र बाण्याची दारिद्र्यनिवारण संस्था मंत्र्यांच्या खात्यांत विलीन करण्यांत आली. त्याच वर्षअखेर राष्ट्रीय करारांची पद्धति कोसळली. नोव्हेंबर २०१० मध्यें ८५ अब्ज युरोंच्या मदतीचा सौदा झाला; एका बाजूस आयरिश सरकार, दुसरीस युरोपियन कमिशन, युरोपची मध्यवर्ती पेढी व आंतरराष्ट्रीय नाणेनिधि. त्या कार्यक्रमांत किमान वेतन तासास ८.६५ युरोंवरून ७.६५ वर आणण्याचें कलम होतें, आणि फेब्रुवारी २०११ मध्यें तें तसें आणलेंही. जुलैंत नव्या सरकारनें तें पूर्ववत् केलें. समावेशन सभा तेव्हांही होती. परंतु ज्या दालनांत तो एक युरो कापला गेला, त्या दालनाकडे जाणारी वाट सभेंतून जात नव्हती. आयरिश लोकांस बोलावयास जागा होती. निर्णय दुसऱ्या जागीं होत होता.

हें दुखणें एकट्या आयर्लंडचें नव्हे. २०१० पर्यंत सामाजिक समावेशनाचा आराखडा हा एक स्वतंत्र कागद होता. तो समाजकल्याण खातें लिही, आणि संस्थांस ठाऊक असे कीं कोणाचें दार ठोठवावयाचें. २०१० सालीं युनियननें पुढील दहा वर्षांचें धोरण जाहीर केलें व दारिद्र्याच्या धोक्यांत असलेल्यांची संख्या निदान दोन कोटींनीं घटविण्याचा संकल्प सोडला. एवढा नेमका आंकडा प्रथमच आला म्हणून आनंद झाला. परंतु त्याबरोबरच हा विषय दर वर्षीं एप्रिलांत द्यावयाच्या राष्ट्रीय सुधारणा कार्यक्रमांत घातला गेला, आणि तो कार्यक्रम बहुधा अर्थखात्यांत किंवा पंतप्रधानांच्या कचेरींत शिजे. तुटीचे, कर्जाचे व पेन्शनच्या खर्चाचे आंकडे ज्यांच्या डोळ्यांपुढें, त्यांस गरिबांच्या संस्थांशीं बोलण्याची संवय नव्हती, आणि वेळही नव्हता. कांहीं देशांत बैठक झाली, कांहींत पत्र आलें, कांहींत कागद ब्रूसेल्सला गेल्यावर तो पाहावयास मिळाला. दोन कोटींचा संकल्पही मुदतींत पुरा झाला नाहीं.

बेल्जियमची स्थिति त्या मानानें बरी राहिली, त्याचें कारण तेथील लोक अधिक सद्गुणी होते असें नव्हे. त्यांची पद्धति युरोपच्या कागदावर टांगलेली नव्हती. युरोपनें आराखड्याचें नांव बदललें, मुदत बदलली, तरी १९९८ चा करार तसाच उभा होता आणि दोन वर्षांचें चक्र आपल्या गतीनें फिरत होतें. आयर्लंडची सभाही टिकली. २०२० ते २०२५ च्या आयरिश आराखड्यांत तिला जागा मिळाली. पण तिच्यांत निघालेल्या मागण्यांचें पुढें काय झालें, कोणती मान्य झाली, कोणती नाकारली व कां, असें कलमवार उत्तर खात्यानें पुढच्या सभेपूर्वीं द्यावें, ही अपेक्षा अशा सभांस येणारांच्या मनांतून कधीं जात नाहीं. विचारलेल्यास उत्तर परत मिळालें नाहीं तर दुसऱ्या वर्षीं तो येत नाहीं. आला तरी पूर्वींच्या विश्वासानें बोलत नाहीं. 'विचारून विचारून थकविलें' अशी भावना गरीब वस्त्यांत दिसते ती ह्यामुळेंच.

२०१७ च्या नोव्हेंबरांत गोथेनबर्ग येथें युनियननें सामाजिक हक्कांची वीस तत्त्वें जाहीर केलीं. २०२१ सालीं नवा आंकडा ठरला: २०३० पर्यंत दीड कोटी माणसें धोक्याच्या रेषेबाहेर काढावयाचीं, आणि त्यांत निदान पन्नास लाख मुलें असावयाचीं. मुलांच्या हक्काविषयीं त्याच वर्षीं जो ठराव झाला त्यांतही राष्ट्रांनीं आपापल्या योजना संबंधितांशीं, मुलांशींसुद्धां, बोलून कराव्या, असें सांगितलें आहे. मुलांस विचारावें! आपल्या घरांतून सुद्धां हें अजून पुरतें अंगवळणीं पडलेलें नाहीं.

पुढें २०२४ च्या एप्रिलांत आर्थिक कारभाराचे नवे नियम झाले आणि तो वार्षिक सुधारणा कार्यक्रम बंद पडला. त्याच्या जागीं प्रत्येक राष्ट्रानें चार किंवा पांच वर्षांची एक वित्तीय योजना द्यावयाची, आणि मधल्या वर्षीं फक्त प्रगतीचा अहवाल. सामाजिक हक्कांचीं तीं वीस तत्त्वें ह्या योजनेंत विचारांत घ्यावयाचीं आहेत. पहिल्या योजना त्याच वर्षीं शरद ऋतूंत मोठ्या घाईनें ब्रूसेल्सला जाऊं लागल्या. ज्यांनीं त्या चार वर्षांच्या केल्या त्यांची पुढील योजना २०२८ च्या सुमारास, आणि ज्यांनीं पांच वर्षांच्या केल्या त्यांची २०२९ च्या सुमारास लिहिली जाईल. डब्लिनमधील किंवा शार्लर्वा येथील एखाद्या आईस आपल्या मुलांविषयीं अर्थमंत्र्यांपुढें कांहीं बोलावयाचें असेल, तर गांवांतील बैठकी त्याच्या निदान वर्षभर आधीं भरल्या पाहिजेत.